पाच गॅलनची बादली



मागच्या बैठकीत एका सभासदांनी विचारले, "पूरग्रस्तांना मदत करायची तर आपले मंडळ आहे की! चर्चमार्फत कशाला?" प्रश्न रास्त आहे. या वेळच्या सदरात त्याचेच उत्तर देतो.

२६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुसऱ्या दिवशी त्याने नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेकडचा डोंगराळ भाग झोडपला. बुसिक येथे काही दिवसांतच ३० इंचांहून अधिक पाऊस झाला. स्वानानोआ नदीने काठची घरे धुऊन नेली, आय-४० महामार्गाच्या कडा पिजन नदीत कोसळल्या, वीज आणि फोन गेले. एकट्या त्या राज्यात शंभरावर माणसे दगावली. काही वस्त्यांवर सामान खेचरांच्या पाठीवरून न्यावे लागले.

तिथे चर्चची माणसे लवकर पोचली, कारण ती तिथलीच होती. डोंगरातल्या लहान गावात दुसरे काही नसले तरी चर्च असते. त्याला स्वयंपाकघर असते, ट्रक उभा करायला जागा असते. मुख्य म्हणजे कोणत्या वळणावर कोण आजी एकटी राहते, कोणाला ऑक्सिजन लागतो, हे सांगणारी माणसे असतात. ती माहिती आपण कुठून आणणार?

दुसरे कारण तयारी. सदर्न बॅप्टिस्टांचे मदतकार्य १९६७ साली टेक्सासमधल्या ब्यूला वादळानंतर सुरू झाले. आता त्यांची फिरती स्वयंपाकघरे आहेत. अन्न ते शिजवतात आणि अनेकदा रेड क्रॉसच्या गाड्या ते वाटतात. कोणी काय करायचे हे वादळाआधीच ठरलेले असते.

आमच्या मनात भरली ती मेथडिस्टांची बादली. पाच गॅलनची, झाकणाची. आत घासायचा ब्रश, कपड्यांचा व भांड्यांचा साबण, घर पुसायचे द्रावण, हातमोजे, कचऱ्याच्या पिशव्या, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे. यादी ठरलेली, त्यामुळे कुठल्याही गावात भरलेली बादली सारखीच. चिखल भरलेल्या घराला पहिल्या दिवशी जे लागते तेच त्यात असते.

त्या ऑक्टोबरात मंडळाचे आम्ही सहाजण एका शनिवारी एका चर्चच्या गोदामात माल लावायला गेलो होतो. बादल्या झाकण न उघडता ट्रकमध्ये चढल्या. कपड्यांच्या पिशव्यांवर मात्र आमची सारी दुपार गेली. एकीत उंच टाचांचे बूट निघाले! देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, पण तेवढे हात पाणी उतरवायला मोकळे राहिले नाहीत. सामान न्यायला आलेल्या कोणालाही 'तुम्ही कुठल्या चर्चचे' असे विचारलेले आम्ही ऐकले नाही. आम्हालाही कोणी विचारले नाही.

आता पाण्याबद्दल. ॲशव्हिलचे नळ पुन्हा पिण्याजोगे व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला, म्हणजे ५३ दिवस लागले. मुख्य जलवाहिन्या वाहून गेल्या होत्याच, शिवाय नॉर्थ फोर्क जलाशयात अतिबारीक माती मिसळली होती. असे कण एकमेकांना विद्युतभाराने दूर ढकलतात, म्हणून खाली बसत नाहीत. आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवत, त्याचे शास्त्र हेच: तो भार निवला की कण एकत्र येऊन तळाशी बसतात. तिथे तुरटीचे भावंड, ॲल्युमिनियम सल्फेट, थेट जलाशयात घालावे लागले. त्याने पाणी आम्ल होते, म्हणून जोडीला कॉस्टिक सोडा.

घरी लक्षात ठेवा: उकळणे शक्य नसेल तर एक गॅलन स्वच्छ पाण्याला ६ टक्क्यांच्या साध्या, बिनवासाच्या ब्लीचचे ८ थेंब (८.२५ टक्क्यांचे असल्यास ६). ढवळून अर्धा तास ठेवा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, गाळून घ्या आणि थेंब दुप्पट करा. ब्लीचची ताकद बाटलीतच कमी होत जाते, म्हणून वर्षापेक्षा जुनी बाटली यासाठी नको. पेट्रोल किंवा रसायने मिसळलेले पाणी ब्लीचने पिण्याजोगे होत नाही. आणि ब्लीचमध्ये अमोनिया किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. विषारी वायू निघतो.

तर सभासदांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: पोचवण्याची वाट त्यांच्याकडे आहे, भरण्याचे हात आपल्याकडे आहेत. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. म्हणून यंदा गणेशोत्सवाला दोन घरांत मिळून एक बादली आणावी, अशी विनंती. ताजी यादी नावनोंदणीच्या टेबलावर मिळेल. यादीबाहेरचे काही घालू नये, प्रेमाने दिलेला लाडूचा डबासुद्धा नाही. मुलांना बरोबर घेऊन बादली भरा. चिमटे मोजायचे काम त्यांना आवडेल.