कोल्हापुरी चप्पल प्राडाच्या दुकानात. आपल्या पोरांनी जोडे रंगवण्याआधी कागद बघावा

चंद्रपूर / गडचिरोली : इटलीची प्राडा ही महागडी कंपनी आता कोल्हापुरी चपलेच्या धर्तीवरचे २ हजार जोड आपल्याच कारागिरांकडून बनवून घेणार आहे. एका जोडाची किंमत जवळपास ८०० युरो, म्हणजे साधारण ८४ हजार रुपये. कोल्हापूरच्या बाजारात साधी चप्पल हजाराच्या आसपास मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये हा करार झाला आणि मोबाईलवर सगळीकडे फिरला. आपल्याकडे अनेकांनी 'छान झालं' म्हणून पुढे पाठवला असेल. पण यात धानोरा, आरमोरी, मूल, नागभीडच्या हातांसाठी एक धडा आहे आणि तो चपलेपेक्षा कागदाचा आहे.

आधी काय घडलं ते थोडक्यात. जून २०२५ मध्ये मिलान शहरातल्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेलच्या पायात अंगठा असलेली, चामड्याची, हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली. कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं, समाजमाध्यमांवर ओरड झाली आणि कंपनीने उत्तरात मान्य केलं की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलेची आहे. जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटून गेली.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली, तिच्याकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही. काही वकिलांनी कारागिरांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. कारण सरळ होतं : कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाचे नोंदणीकृत मालक तुम्ही नाही, मालकांना दाद मागायची तर ते स्वतः येऊ शकतात. हे मानांकन, म्हणजे जीआय टॅग, २०१९ मध्ये मिळालं. मालक दोन सरकारी महामंडळं : आपलं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचं बाबू जगजीवनराम चर्मोद्योग महामंडळ. डिसेंबरमध्ये कंपनीसोबत सही कोणी केली? याच दोघांनी. ज्याच्या नावावर कागद, त्याच्यासमोर टेबल मांडलं गेलं.

कागदाचीही मर्यादा आहे. जीआय टॅग 'कोल्हापुरी' हे नाव राखतो, चपलेचा आकार नाही. तशीच चप्पल दुसऱ्या नावाने विकणाऱ्याला त्याने अडवणं कठीण. आणि हजार ते ८४ हजार या फरकातले किती रुपये कारागिराच्या हातात पडतात, हे दोन्ही महामंडळांनी जोडामागे जाहीर करायला हवं. तोवर टाळ्या जपून वाजवाव्यात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या दोन जिल्ह्यांत कोल्हापूरसारखी चपलेची पेठ नाही. पण चित्र काढणारे, कोरणारे, विणणारे हात कमी नाहीत. भामरागडकडे माडिया घरांतलं लाकडावरचं कोरीव काम आहे, आरमोरीला टसर आहे, चिचपल्लीच्या केंद्रात बांबूचं काम शिकलेल्या बाया-पोरी आहेत. पांढरा कॅनव्हास बूट घेऊन त्यावर रंगकाम करून विकायची शहरांत आता चाल आहे. लग्नात नवरा-नवरीची नावं, वाढदिवसाला वाघ, कॉलेजच्या पोट्ट्यांना काहीतरी हटके. उद्या चंद्रपूरच्या गोल बाजारातला एखादा जोड्यांचा दुकानदार तुमच्या पोरीला म्हणेल, 'बाई, माझे बूट, तुझं चित्र, मिळून करू.' वाईट काहीच नाही. फक्त मिळून म्हणजे किती, हे आधी ठरलं पाहिजे.

समजा, बूट ६०० रुपयांचा. रंगवून १५०० ला विकला. पोरीला जोडामागे १५० दिले. पहिल्या दहा जोडांना ती खूश. मग दुकानदार तिच्याच चित्राचा फोटो काढून बाहेरून छापील बूट मागवतो, तेव्हा तिचे १५० पण बंद.

इथे कायदा तिच्या बाजूने आहे, पण अर्धाच. तिने स्वतः सुचून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट आपोआप तिचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. तिने स्वतःहून आधीच काढलेल्या चित्राचे दुकानदाराने पैसे दिले म्हणून तो हक्क त्याचा होत नाही; त्यासाठी तिच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्र काढलं, किंवा ती दुकानात पगारावर नोकरीला असेल आणि कामाचा भाग म्हणून चित्र काढलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास हक्क मालकाचा. म्हणून 'पगारावर ये' असो की 'जोडामागे घे', हक्क कोणाचा हे आधी लिहून घ्यायला हवं.

दुसरी अर्धी बाजू अशी. चित्र डिझाइन म्हणून बुटावर येऊन कारखानी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग तिच्या परवानगीने निघाले आणि डिझाइनची नोंदणी केलेली नसेल, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. नोंदणी डिझाइन कायद्याखाली होते, ऑनलाइन करता येते. एकट्या माणसाला अर्जाची फी एक हजार रुपये, संरक्षण दहा वर्षं आणि पुढे आणखी पाच. अट मात्र कडक : अर्ज करण्याआधी डिझाइन लोकांसमोर आलेली नसावी. आपली सवय उलटी. रंग वाळायच्या आत फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला, मग इन्स्टाग्रामला. तिथेच नवेपणा गेला.

दुकानदाराचीही बाजू ऐकली पाहिजे. त्याचा पैसा नंबरात अडकतो. सात नंबरचा वाघ रंगवलेला बूट कोणी घेतला नाही तर तो परत पांढरा होत नाही. त्यामुळे आगाऊ रक्कम घेऊन ऑर्डरप्रमाणेच रंगवणं दोघांनाही परवडतं. कलाकाराला कामाची ठरलेली मजुरी आणि वर विक्रीतला वाटा, हे मला सगळ्यात सरळ वाटतं. नुसता वाटा घेतला तर दुकानाच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो.

एक प्रश्न एकट्या पोरीच्या हातातला नाही. माडिया घराच्या खांबावरची नक्षी कोणाची? ती पिढ्यांची आहे, तिच्यावर एकाने सही करून देणं बरोबर नाही. वारली चित्रांना २०१४ मध्ये जीआय टॅग मिळाला. आपल्या नक्षीची नोंद करायची तर ग्रामसभा किंवा कारागिरांची संस्था पुढे व्हावी लागेल. मानांकन मिळालं की प्रत्येक कारागिराने त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालायचं. त्याची फी २०२० मध्ये ५०० वरून १० रुपये झाली आहे.

ग्रामसभेला हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवावं. आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी कराराने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जायचा. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वन विभागाच्याच हातात राहिला. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबू विकणारा गाव झाला. बांबू तोच होता, पास फाडणारा हात बदलला.

जोड्याच्या बाबतीत तो पास म्हणजे साध्या कागदावरच्या चार ओळी : चित्र कोणाचं, किती जोडांसाठी, किती मुदतीसाठी, फोटो बाहेर छापायला द्यायचा की नाही. पाचवी ओळ आपल्या भागासाठी घाला. रोवणीच्या चिखलात किंवा श्रावणाच्या पावसात रंग सुटला, तर जोड परत कोण घेणार आणि पुन्हा रंगवायची मजुरी कोण देणार, हे पहिला बूट रंगवण्याआधी लिहून ठेवा.