मित्राच्या घरी नजरकैद

१८ एप्रिल १९४२ रोजी 'हॉर्नेट' या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून ले. कर्नल डूलिटल यांच्या नेतृत्वाखाली १६ बॉम्बफेकी विमाने उडाली आणि त्यांनी टोकियोसह जपानी शहरांवर हल्ला चढविला. या ८० वीरांच्या साहसाचे पोवाडे पुष्कळ गायिले गेले. कॅप्टन एडवर्ड यॉर्क व त्यांच्या चार सहकाऱ्यांची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते.

इंधन अपुरे पडणार हे दिसताच यॉर्क यांनी चीनऐवजी व्लादिवोस्तोकजवळ विमान उतरविले. रशिया तर मित्रराष्ट्र! परंतु १९४१ च्या एप्रिलमध्येच मॉस्कोने टोकियोशी तटस्थतेचा करार केला होता. हिटलरच्या फौजा छातीवर बसल्या असता पूर्वेकडे दुसरे युद्ध ओढवून घेणे स्टालिनला परवडणारे नव्हते. पाचही जण स्थानबद्ध झाले. यास विश्वासघात म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; स्टालिनने स्वराष्ट्राचे हित तेवढे पाहिले.

उलट, ज्या चिनी खेडुतांना कसलाच करार ठाऊक नव्हता, त्यांनी इतर बहुतेक वैमानिकांना आसरा दिला. त्याचा सूड जपान्यांनी गावेच्या गावे बेचिराख करून घेतला. शत्रूच्या हाती पडलेल्या आठांपैकी तिघांना गोळ्या घालण्यात आल्या, तर चौथा बंदिवासातच गेला.

यॉर्क आणि त्यांचे सहकारी मे १९४३ मध्ये एका तस्कराला पैसे देऊन इराणमध्ये निसटले. हा तस्कर सोव्हिएत गुप्त पोलिसांनीच उभा केला होता, हे पुढे सोव्हिएत कागदपत्रांतून उघड झाले. जपानला कळू न देता पाहुणे घालवायचे होते. त्या पाचांना मात्र तेव्हा वाटले, आपणच शिताफीने सुटलो.