बर्फाच्या गावी बिऱ्हाड

महाराष्ट्रात टेंभुर्णी म्हटले की लोकांना आठवते ती सोलापूर जिल्ह्यातली, पुण्याहून सोलापूरला जाताना लागते ती. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. पाहुणे चुकतात, टपाल चुकते; आणि सौभाग्यवतींच्या मते माझे नशीबही त्याच टेंभुर्णीस उतरून राहिले असावे.

या आमच्या गावाने बर्फ दोनच रूपांत पाहिला. एक रसवंतीवाल्याच्या गोणपाटातला, आणि दुसरा 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात आभाळातून आला तो. त्या गारपिटीने मराठवाड्याची रब्बी झोडपून काढली. तेव्हा आमचा मुलगा बर्फापायी गाव बदलायचे म्हणतो हे ऐकून शेजारच्या अण्णांनी "पोराची तब्येत बरी आहे ना?" असे विचारले, यात त्यांचा काही दोष नाही.

चिरंजीव अमेरिकेत डेनव्हरला असतात. कॉलेजात असताना गुलमर्गला जाऊन पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरायला शिकले. याला स्कीइंग म्हणतात. आम्ही मुलाला घसरू नये म्हणून शिकवले आणि त्याने पैसे भरून घसरण्याची विद्या घेतली! आता कचेरीचे काम घरातूनच चालते, तर डोंगराजवळच राहू, असे नवराबायकोच्या मनात आहे. इथवर आमची हरकत नव्हती. पण परवा फोनवर तो हळूच म्हणाला, "बाबा, माझ्या वाट्याचं वावर काढलं तर काय येईल?"

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली ती हातातला झारा तसाच घेऊन.

वावर तीन एकर आहे. त्यात मोसंबी होती. 2012-13 च्या दुष्काळात टँकरचे पाणी घालून जगवली, तरी वाळलीच. ती झाडे मी स्वतः उभे राहून तोडविली. आता सोयाबीन आणि हरभरा होतो. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग गेला तेव्हापासून जमिनीची चौकशी करणारे, शर्टाच्या खिशात दोन-दोन फोन असलेले लोक आमच्याकडेही येऊ लागले आहेत. भाव बरा आहे, हे खरे.

मी निवृत्त मास्तर. रागावण्याआधी गणित तपासायची सवय. मुलाला म्हटले, तुझी गावे सांग. त्याने सांगितली, मी वहीत उतरली.

पहिले व्हेल. डेनव्हरहून दीडशे किलोमीटरवर, ऐन डोंगरात. तिथे दहा लाख डॉलर म्हणजे बोलणे सुरू करण्याची रक्कम. साथीच्या काळात, 2020 नंतर, घरून काम करणारे शहरी लोक अशा डोंगरगावांत घुसले आणि घरांचे भाव असे चढले की पाळणे चालवणारा, हॉटेलात भांडी घासणारा, शाळेतला मास्तर यांना त्याच गावात राहणे अशक्य झाले. व्हेलच्या नगरपालिकेने 2017 पासून एक युक्ती काढली आहे. घरमालकाला रोख पैसे द्यायचे आणि खतावर लिहून घ्यायचे की या घरात त्या भागात काम करणाराच राहील. मला ही गोष्ट फार आवडली. मुलाला मात्र मी विचारले, "हे भाव चढवणाऱ्यांत तूही एक नाहीस का रे?" तो जरा वेळ बोलला नाही.

दुसरे कॅनडातले बॅन्फ. ते राष्ट्रीय उद्यानातच वसले आहे. तिथली जमीन सरकारची, भाडेपट्ट्याची; आणि राहायचे तर आधी तिथे नोकरी-धंद्याचे कारण दाखवावे लागते. नुसती हौस हे कारण धरत नाहीत. बाकीचे लोक सव्वाशे किलोमीटरवर कॅल्गरीत राहतात. व्हिसाचा प्रश्न आला तेव्हा हे पान मी मिटले.

तिसरे सॉल्ट लेक सिटी. 2002 चे हिवाळी ऑलिंपिक तिथे झाले, 2034 चेही तिथेच व्हायचे आहे. शहरात राहून तास-पाऊण तासात आल्टाच्या उतारावर जाता येते, हिमकडे कोसळून रस्ता बंद झाला नाही तर. आल्टाला वर्षाला सरासरी पाचशे इंचांवर बर्फ पडतो. 2022-23 च्या मोसमात 903 इंच पडला! आमच्याकडे पाऊस पंचवीस-तीस इंच. (दहा इंच बर्फ वितळला की साधारण एक इंच पाणी, हे मुलाने सांगितल्यावर जिवाला जरा बरे वाटले.) पण तिथेही पाच लाख डॉलरांखाली धड घर मिळणे कठीण. रिवाजाप्रमाणे पाचवा हिस्सा आधी मोजायचा. आणि 2021 च्या आरंभी तीन टक्क्यांखाली असलेले कर्जाचे व्याज 2023 मध्ये सातावर गेले होते. पाचव्या हिश्शासाठीच आमचे वावर हवे होते.

सौ. म्हणाली, "मग आपल्याच देशात का नाही? मनाली आहे, गुलमर्ग आहे." तेही पाहिले. हिमाचलात 1972 च्या कायद्याच्या कलम 118 प्रमाणे तिथला शेतकरी नसलेल्याला सरकारच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. माझा सातबारा कितीही जुना असो, हिमाचलात मी शेतकरी नव्हे! गुलमर्गला तर हॉटेलांच्या जमिनीदेखील पट्ट्यावरच्या. आणि 2025 च्या फेब्रुवारीत तिथल्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलाव्या लागल्या.

इथे मी पेन्सिल खाली ठेवली. पाऊस रुसतो हे मराठवाड्यातल्या माणसाला कोणी शिकवायला नको. बर्फही रुसतो हे मला नवे होते. ज्या सॉल्ट लेकचे नाव शहराला आहे ते सरोवरच 2022 मध्ये आटून नीचांकाला गेले होते. म्हणजे वर्षानुवर्षे पाण्यामागे धावलेल्या बापाने वावर विकून मुलाला दुसऱ्या पाण्यामागे धाडायचे!

आमच्या मराठवाड्यातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पाच-सहा महिने कारखान्याच्या रानात कोपीत काढतात आणि पट्टा पडला की परततात. त्यांचे जाणे पोटासाठी, याचे हौसेसाठी. दोन्ही एका तराजूत घालण्याइतका मी निर्लज्ज नाही. पण मोसमापुरते जायचे असेल तर तिथे घर बांधायचे नसते, एवढे त्यांच्याकडून घेता येते. मी मुलाला तसे लिहिले. फोनवर नाही, कागदावर. फोनवर तो मधेच बोलतो.

उत्तर आले. नोव्हेंबर ते एप्रिल सॉल्ट लेकला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. वावराचे पुढच्या दिवाळीत पाहू म्हणतो. खाली सूनबाईंची ओळ होती: "आई, इथे उन्हाळ्यात पाण्याचं कसं असतं ते मी विचारून ठेवते."

सौ.ने ते पत्र सातबाऱ्याच्याच पेटीत ठेवले आहे. हरभरा पेरून झाला. दोन खोल्यांचे भाडे किती, ते मात्र चिरंजीवांनी अजून कळविलेले नाही.