हिरव्याच्या पोटातला निळा

आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हटलं की बरेच जण मडक्यात अंडी घालणारे बजरीगर दाखवतात. ते बिचारे ऑस्ट्रेलियाचे! खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे. त्यांच्या एकूण नऊ जाती. पाळणाऱ्यांकडे दिसतात ते मुख्यतः पीचफेस, फिशर आणि मास्क. असो. आजचा विषय आहे त्यांचा रंग, आणि त्या रंगाच्या नावाखाली आपल्या खिशातून जाणारे पैसे.

रानातला लव्हबर्ड हिरवा असतो. पण त्याच्या पिसात हिरवा रंग नसतोच. पिसाची रचना आणि मेलॅनिन मिळून निळा दिसतो, त्यावर पिवळं रंगद्रव्य, की झाला हिरवा. पिवळं गेलं की पक्षी निळा, मेलॅनिन गेलं की पिवळा, म्हणजे ल्युटिनो. एवढं कळलं की निम्मी जादू संपते.

आता गंमत पुढे. मास्क किंवा फिशरमधला निळा हा अप्रभावी गुण आहे. आई आणि वडील, दोघांकडून तो जनुक आला तरच पिल्लू निळं. एकाकडूनच आला तर पिल्लू हिरवं, पण पोटात निळा लपलेला. याला म्हणतात 'स्प्लिट'. आमच्या भाषेत प्रायव्हेट व्हेरिएबल: आहे, पण बाहेरून दिसत नाही. आणि नेमकं इथेच दुकान सुरू होतं. साधा हिरवा स्वस्त, 'स्प्लिट ब्लू' महाग. दोघांत बघून फरक खात्रीने सांगा बरं!

म्हणून माझं म्हणणं असं, की विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: याचे आई-बाप कोणते? दोघांपैकी एक निळा असेल, तर हिरवं पिल्लू शंभर टक्के स्प्लिट. दोघंही स्प्लिट असतील, तर हिरव्या पिल्लांत तीनातली दोन स्प्लिट निघण्याची शक्यता. एकच स्प्लिट आणि दुसरा साधा हिरवा असेल, तर चक्क नाणेफेक. या शेवटच्या दोघांना 'पॉसिबल स्प्लिट' म्हणतात आणि ते हिरव्याच्याच भावात विकले जावेत असं मला वाटतं. शक्यतेचे पैसे गिऱ्हाइकाने का भरायचे?

खात्री करायचीच तर निळ्याशी जोडी लावा. पक्षी स्प्लिट असेल तर प्रत्येक पिल्लू निळं होण्याची शक्यता निम्मी. तरी चार पिल्लांत एकही निळं न निघण्याची शक्यता सोळात एक उरतेच. एका विणीवरून कुणाला खोटारडा ठरवू नका.

पीचफेसमधल्या नेहमीच्या ल्युटिनोचा हिशोब मात्र वेगळा. तो जनुक झेड गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांत नराकडे दोन झेड, मादीकडे एकच. म्हणजे मादी एकतर ल्युटिनो असते किंवा नसते. कुणी 'स्प्लिट ल्युटिनो पीचफेस मादी' विकत असेल तर नमस्कार करून निघावं. उलट, ल्युटिनो नर आणि साधी हिरवी मादी लावली तर पिवळ्या पिल्लांना मुली समजा, हिरव्यांना मुलगे. नर-मादी सारखेच दिसणाऱ्या पक्ष्यात ही फुकटची चाचणीच की! फिशर-मास्कमधला नेहमीचा ल्युटिनो मात्र निळ्यासारखाच चालतो, तिथे हा नियम लावू नका.

आता थोडं कडू. रंग लवकर हवा म्हणून भावंडांच्या जोड्या लावतात. एका जातीतला रंग दुसरीत आणायला फिशर आणि मास्कचा संकर करतात. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या या जातींची संकरित पिल्लं प्रजननक्षम असतात, म्हणून भेसळ पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप पसरते. पीचफेसशी त्यांचा संकर केला तर पिल्लं सहसा वांझ. भावंडांच्या जोडीत तर निळ्याबरोबर घराण्यातले बाकीचे लपलेले दोषही जोडीने वर येतात. रंग दिसतो, तो विकला जातो. अशक्त पिल्लू कुणाच्या जाहिरातीत येत नाही.

आणि ती हिरवी पिल्लं? दोन स्प्लिटच्या जोडीतून सरासरी चारात तीन हिरवी निघणार, हे अंड्याआधीच माहीत असतं. त्यांना चांगलं घर मिळवून द्यायची तयारी नसेल, तर निळ्यासाठी जोडी लावूच नये. वही ठेवा, पायात नंबराची रिंग घाला, आई-बापांची नोंद गिऱ्हाइकाला लिहून द्या. एवढं न करणाऱ्याकडून मी तरी 'स्प्लिट' घेणार नाही. तुम्हीही घेऊ नका.