शुल्क घ्या, पण तपासणी कोठे आहे?

निबंध हाती पडताच चार दिवसांत तो स्वीकारून पैसे मागणारा प्रकाशक तुमचा हितचिंतक नव्हे. शुल्क घेणे हा गुन्हा नाही. कित्येक प्रामाणिक नियतकालिकेही ते घेतात. तज्ज्ञांकडून तपासणी न करता ती केल्याचे सांगणे, ही मात्र उघड फसवणूक होय.

हैदराबादच्या ओमिक्स कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली दावा लावला. तपासणीचा खोटा दावा, आधी दडविलेले शुल्क, संमतीवाचून संपादक म्हणून छापलेली विद्वानांची नावे, असे आरोप होते. २०१९ साली न्यायालयाने ५ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा हुकूम दिला. निबंध परत मागणाऱ्यांनाही तेथे नकार मिळे. आणि एकदा छापलेला निबंध दुसरे प्रतिष्ठित नियतकालिक घेत नाही. म्हणजे पैशांबरोबर वर्षांची मेहनतही बुडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली केअर यादी २०२५ साली बंद केली. तेव्हा पारख आता आपणच केली पाहिजे. जुने अंक वाचा. संपादक मंडळातील एखाद्या प्राध्यापकास पत्र लिहून खात्री करा. स्कोपसमध्ये नाव असल्याचे प्रकाशक सांगत असेल, तर ते मूळ सूचीतच पाहा. शुल्काचा आकडा निबंध धाडण्यापूर्वी लेखी मागा.

केवळ निबंधांची संख्या मोजून नेमणुका देणाऱ्या संस्थांनीच हा बाजार पोसला आहे. त्यांनी निबंध मोजणे सोडून ते वाचावयास लागावे, ही आमची मागणी आहे.