ख्रिस्तपुराण आणि आपले सोयीचे अज्ञान

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. गोदाकाठच्या या पट्ट्यात वाढलेल्या मुलाला ओवी शिकवावी लागत नाही. श्रावणात पोथी लागते, एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, मधूनच एखादा म्हातारा श्रोता शंका काढतो. वक्ता, श्रोता, आरंभीचे नमन आणि शेवटची फलश्रुती हे सारे त्याने समज येण्याआधीच ऐकलेले असते. असा मुलगा मराठी विषय घेऊन एम.ए.च्या वर्गात येऊन बसतो आणि त्याच्यापुढे फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ येते. तेव्हा आपण प्राध्यापक मंडळी त्याला काय शिकवतो? ओवी शिकवतो. जे त्याला येते तेच शिकवतो आणि जे त्याला मुळीच ठाऊक नाही, त्याच्या दारात त्याला उभे करून तास संपवतो.

स्टीफन्स १५४९ साली इंग्लंडात जन्मला, १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे पुराण रोमन लिपीत छापले गेले, एवढे आपण सांगतो. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीचा गौरव, परकीयाने केलेली भाषासेवा हेही सांगून होते. परीक्षेत भाषावैभवावर टीप येते, विद्यार्थी ती लिहितो आणि गुण मिळवतो. पण हे पुराण कशाविषयी आहे, असे त्याच विद्यार्थ्याला विचारा. ‘येशू ख्रिस्ताच्या चरित्राविषयी’, असे तो सांगेल. मग पहिल्या पुराणात ख्रिस्ताचा जन्म होण्यापूर्वीच हजारो ओव्या का खर्ची पडल्या, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते, कारण ते आपणच दिलेले नसते.

याच जिल्ह्यातील अंबाजोगाईशी ज्याचे नाव जोडले गेले आहे, त्या मुकुंदराजाचा ‘विवेकसिंधु’ शिकवताना आपण काय करतो ते आठवावे. ब्रह्म, माया, अध्यास या संज्ञा फळ्यावर लिहिल्याशिवाय आपण पुढे सरकत नाही. महानुभाव वाङ्मयाचा तास जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांवाचून सुरूच होत नाही. ते शिकल्याने कोणी महानुभाव पंथाची दीक्षा घेतल्याचे ऐकिवात नाही. मग ख्रिस्ती श्रद्धेच्या पहिल्या पाच गोष्टी सांगायची वेळ आली की आपल्या कपाळावर आठ्या का पडाव्यात?

या पाच गोष्टी काही अवघड नाहीत. ईश्वर एकच आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती, पण ईश्वर तीन नव्हेत. सृष्टी त्याने शून्यातून निर्मिली. ती त्याच्यातून उमललेली नाही किंवा त्याचा आभासही नाही. पहिल्या मानवाने आज्ञाभंग केला आणि त्या पतनाने अवघी मानवजात ईश्वराला दुरावली. हा दुरावा माणसाच्या पुण्याने भरून निघणारा नव्हता, म्हणून पुत्राने देह धारण केला, तोही एकदाच. तो वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि त्याच्या कृपेने तारणाचा मार्ग खुला झाला. इसवी सन ३२५ मधील निकेयाच्या परिषदेपासून या श्रद्धेची सूत्रे शब्दबद्ध होत गेली. वर्गात एवढे सांगायला अर्धा तास पुरतो.

हा अर्धा तास दिला की पुराणाची रचना आपोआप उलगडते. पहिले पुराण म्हणजे सृष्टी, पतन आणि तारकाची प्रदीर्घ प्रतीक्षा. दुसरे म्हणजे त्याचे आगमन. पतनच कळले नसेल तर ही प्रतीक्षा कशासाठी, हे कसे कळावे? शब्दांची गोष्ट तर याहून नाजूक आहे. स्टीफन्स स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतो. तलवाड्याच्या मुलाला तो शब्द ओळखीचा वाटतो आणि तिथेच तो फसतो. ‘पाप’ म्हटले की तो कर्म समजतो, ‘देहधारण’ म्हटले की त्याला दशावतार आठवतात. जुन्या भांड्यात नवे रसायन ओतताना कवीने कोणती जोखीम पत्करली, कुठे शब्द वाकवला, कुठे शब्दानेच त्याला वाकवले, हा या ग्रंथाचा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. सिद्धांत वगळून तो प्रश्न विचारताच येत नाही. उरते ते केवळ कौतुक, आणि कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हा मागल्या दाराने धर्मप्रचार होईल. जाणणे म्हणजे मानणे, असा या आक्षेपाचा समज दिसतो. त्याला पंडिता रमाबाईंचे उदाहरण पुरेसे आहे. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्या नवशिक्या म्हणूनच प्रश्न विचारत राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी सिस्टर जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून वाद घातला. चर्च सांगते म्हणून मान्य करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. श्रद्धा स्वीकारलेली बाई शिकताना इतकी स्वतंत्र राहू शकते, तर आपला विद्यार्थी दोन तासिकांत वाहून जाईल ही भीती आपल्या विद्यार्थ्याचाच अपमान करणारी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळू नये. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली; गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. नवख्रिस्तींच्या हातून जुनी पुराणे काढून घेतली गेली आणि त्यांनी मागणी केली म्हणून हे नवे पुराण रचले, अशी पार्श्वभूमी ग्रंथातच येते. हे सारे खरे आहे, आणि म्हणूनच सिद्धांत शिकवला पाहिजे. सत्तेच्या सावलीत जे सांगितले गेले ते नेमके काय होते, हे ठाऊक नसताना आपण त्याची चिकित्सा कशी करणार? अज्ञानातून झालेला निषेध हा अज्ञानातून झालेल्या स्तुतीइतकाच पोकळ असतो.

बरे, ही टाळाटाळ एकट्या स्टीफन्सपुरतीही नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आपण मराठीतील पहिली कादंबरी म्हणून, विधवांच्या दुःखाची कहाणी म्हणून शिकवतो. यमुनेच्या ख्रिस्ती होण्याला प्रचारकी शेपूट ठरवून मोकळे होतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई १९०० साली. मधल्या पाच वर्षांत सोवळ्याओवळ्यात मुरलेली ही बाई, जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाशी एकटी झुंजली. सर्व माणसे एकाच पित्याची लेकरे, हे तिच्यासाठी पुस्तकी वाक्य नव्हते. ते पटणे म्हणजे ताटातले अन्न आणि पाण्याचा घडा बदलणे होते. हा गाभा वगळून उरलेल्या गमतीजमती वाचायच्या आणि वर त्या पुस्तकाला अभिजात म्हणायचे, हे वाचन नव्हे, ही चोखंदळपणाच्या नावाखाली केलेली चोरी आहे.

दोष चर्चच्या बाजूलाही आहे. प्रश्नही छापलेले आणि उत्तरेही छापलेली, अशा धर्मशिक्षणाच्या पुस्तिकांत शिकणाऱ्याला स्वतःचा प्रश्न विचारायला जागाच उरत नाही. स्टीफन्सला हे चारशे वर्षांपूर्वी कळले होते. त्याने श्रोत्याला तोंड दिले, शंका विचारू दिली. तलवाड्याच्या पोथीतला तो म्हातारा त्याच्या पुराणात सहज बसला असता.

म्हणून मागणी साधी आहे. ‘ख्रिस्तपुराण’ नेमलेले असेल तिथे पहिल्या दोन तासिका श्रद्धेच्या या मूलतत्त्वांना द्याव्यात, आणि परीक्षेत भाषावैभवाच्या टिपेबरोबर एक प्रश्न असाही असावा: स्टीफन्सचे ‘वैकुंठ’ तुकोबांच्या वैकुंठाहून कोठे वेगळे होते? गोदाकाठचा मुलगा याचे उत्तर आपल्यापेक्षा चांगले देईल. पण त्यासाठी प्रश्नाचा अर्धा भाग त्याला आपण शिकवलेला असला पाहिजे. दुसरा अर्धा तो घरून घेऊनच आला आहे.