विषाणूवर औषध नाही, हे आधी सांगा!



कपाशीत, ज्वारीत आपण तुरीच्या ओळी टाकतो. कपाशीने दगा दिला तर वर्षाची डाळ आणि चार पैसे त्याच ओळीतून येतात. त्याच ओळीत काही झाडे झुडपासारखी वाढतात. पाने बारीक, त्यांवर फिकट हिरवे-पिवळे चट्टे. शेजारचे झाड शेंगांनी लवते, याला फूलही लागत नाही. हा वांझ रोग.

कोणी म्हणते बियाणे खोटे, कोणी म्हणते जमीन बिघडली. दुकानदार बुरशीनाशक देतो, टॉनिक देतो आणि वर ‘व्हायरस’ मारणारी बाटली देतो. तिन्हींचे पैसे पाण्यात!

या रोगाची नोंद बिहारात पुसा येथे १९३१ साली झाली. तो कोळी या किडीमार्फत पसरतो हे साठच्या दशकात कळले. खुद्द विषाणू हाती लागायला २००० साल उजाडले. शास्त्रज्ञांना सत्तर वर्षे लागली, दुकानातली बाटली मात्र आधीच तयार! विषाणू झाडाच्या पेशीत शिरून तिच्याच जिवावर वाढतो. रोगट तूर बरी करील असे औषध कोणत्याही दुकानात नाही.

मग हातात काहीच नाही का? आहे, आणि ते स्वस्त आहे. हा रोग बियाण्यातून येत नाही. डोळ्याला न दिसणारी कोळी कीड वाऱ्यावर येते आणि तो आणते. तूर आणि तिची रानटी भावकी सोडून ती फारशी कुठे जगत नाही. म्हणून बांधावरची, खोडव्याची हिरवी तूर पेरणीआधी काढा. ती उन्हाळाभर रोग सांभाळते. पहिल्या दीड महिन्यात रोगट झाड दिसले की उपटून नष्ट करा. या वयात लागण झालेल्या झाडाचे पीक जवळजवळ सगळेच जाते. कोळीनाशक वेळेत फवारले तर कीड मरते, रोगी झाड सुधारत नाही. आणि हे एकट्याने भागत नाही. वारा बांध ओळखत नाही, सगळ्या शिवाराने मिळूनच करावे लागते.

खरा उपाय प्रतिकारक वाणाचा. बदनापूरच्या संशोधन केंद्राने बीएसएमआर ७३६ आणि बीएसएमआर ८५३ हे मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारे वाण दिले. पण विषाणूची जात मुलखागणिक बदलते. एका भागात टिकलेला वाण दुसऱ्या भागात टिकेलच असे नाही. तेव्हा आपल्या जिल्ह्यात आज कोणता वाण टिकतो, याची चाचणी कोणी घेतली? मृगाआधी त्याचे किती बियाणे कोणत्या तालुक्यात येणार? हा हिशेब कृषी खात्याने जिल्हा बैठकीत मांडलाच पाहिजे.

आणि दुकानदाराला एवढेच सांगा : बाटली कोणत्या रोगावर दिली, ते बिलावर लिहून सही करा. सही करायला त्याचा हात अडला, तर आपणही खिशात हात घालायचा नाही!